एमबीए करू की डेटाचं मास्टर्स?

प्रश्न: बी.ई. मेकॅनिकल झालोय, १४ वर्षं सप्लाय चेनमधे आहे, वय ३८. दोन प्रमोशन हुकली. साहेब म्हणतात काहीतरी डिग्री घे. बायको म्हणते एमबीए कर, माझा ओढा डेटा अ‍ॅनालिटिक्सकडे. नोकरी सोडणं जमणार नाही. काय करावं?

उत्तर: आधी साहेबांनाच गाठा आणि "काहीतरी" म्हणजे नेमकं काय ते विचारा. बऱ्याचदा गाडी डिग्रीवाचून अडलेलीच नसते हो, टीम किंवा बजेट कधी सांभाळलेलं नसतं म्हणून अडते, आणि ते काम मागून घेता येतं, त्याला फी लागत नाही. तुमच्या वरच्या दोन पोस्टची जॉब डिस्क्रिप्शन एचआरकडून मिळवा, त्यात मास्टर्स लागेलच असं लिहिलं असेल तर पुढचा विचार.

फुलटाइम एमबीए सोडूनच द्या. एक्झिक्युटिव्ह एमबीए मात्र नोकरीतल्या लोकांसाठीच निघालं, शिकागो विद्यापीठाने १९४३ साली सुरू केलं. पुढे अख्खं डिपार्टमेंट चालवायचं असेल तर ते बरं. डेटाचं म्हणाल तर आधी एक करून बघा: ऑफिसची मागच्या दोन-तीन वर्षांची डिमांडची शीट घ्या (परवानगी काढून), पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पुढच्या डिमांडचा फोरकास्ट करायचा प्रयत्न करा, महिनाभर रविवारचे दोन तास. एरर का येतोय हे शोधताना जेवायचं भान राहिलं नाही तर डेटाच घ्या. आणि हे ज्युनिअरकडे देऊन आपण फक्त माल किती मागवायचा ते ठरवावं असं वाटलं, तर बायकोचं ऐका.

अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाचं ऑनलाइन अ‍ॅनालिटिक्स मास्टर्स २०१७ पासून आहे, ३६ क्रेडिट, टर्मला एकेक विषय घेतलात तर तीन-चार वर्षं सहज जातात आणि स्टॅटिस्टिक्स कच्चं असेल तर पहिल्याच टर्मला घाम फुटतो. तुमच्या लाइनचंच हवं असेल तर अमेरिकेतल्या एमआयटीचं सप्लाय चेनमधलं मायक्रोमास्टर्स बघा, पाच ऑनलाइन कोर्स आणि शेवटी एक मोठी परीक्षा, पुढे तिथल्याच मास्टर्सला अ‍ॅडमिशन मिळाली तर त्याचे क्रेडिट धरतात. मी तुमच्या जागी असते तर इथूनच सुरुवात केली असती, कारण नाही झेपलं तरी नुकसान कमी.

कंपनी फी भरणार असेल तर बाँड किती वर्षांचा, आणि मधेच कंपनीनेच काढलं तर पैसे कोण भरणार, हे सहीच्या आधी लेखी घ्या. एमबीएच्या प्रवेशासाठीच्या जीमॅट परीक्षेचा स्कोअर पाच वर्षं चालतो, त्यामुळे एमबीएचं नक्की नसलं तरी कामाचा लोड कमी असेल तेव्हा देऊन ठेवायला हरकत नाही.