आग्नेय आशियातील रस्त्यावरचे लोकप्रिय खाद्यपदार्थ मुळात कुठले?

यांतले काही बाहेरून आले आणि तिथलेच होऊन गेले. माझ्या मते याचे सर्वांत बोलके उदाहरण व्हिएतनामचा बान्ह मी, म्हणजे सारण भरलेला लांबट पाव, हे आहे. हा पाव फ्रेंच राजवटीत तेथे पोहोचला. परंतु १९५४ नंतर सायगाव (आजचे हो ची मिन्ह सिटी) शहरातील विक्रेत्यांनी तो उभा चिरून त्यात मांस, व्हिनेगरमध्ये मुरवलेले गाजर-मुळा, कोथिंबीर आणि मिरची भरण्याची पद्धत रूढ केली, तेव्हा तो खऱ्या अर्थाने व्हिएतनामी झाला. मलेशियातील रोटी चनाई दक्षिण भारतीय मुस्लिमांनी तेथे नेली. तेलाच्या हाताने कणीक हवेत झुलवून पारदर्शक होईपर्यंत ताणायची, घडी घालून तव्यावर खरपूस भाजायची आणि डाळीच्या आमटीसोबत वाढायची, ही रीत केरळी परोट्याशी जवळचे नाते सांगते. काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेले मांसाचे तुकडे, म्हणजे साते, मात्र मूळचे इंडोनेशियातील जावा बेटाचे.