गुन्हा एक, पेपर दोन

प्रश्न : कायदा आणि गुन्हेगारीशास्त्र अशी संयुक्त पदवी घ्यायची आहे. दोन्हीकडे गुन्ह्याचाच अभ्यास, म्हणजे सोपं जाईल ना? पुढे वकिली करता येईल? माझं गणित कच्चं आहे.

उत्तर : आधी वकिलीचं. पदवीच्या नावात ‘कायदा’ आहे म्हणून सनद मिळतेच असं नाही. सनद देणारी संस्था काही विषय सक्तीचे ठरवते आणि संयुक्त पदवीत त्यातलाच एखादा ऐच्छिक झालेला असू शकतो. प्रवेशाआधी सक्तीच्या विषयांची आणि पदवीच्या विषयांची, अशा दोन्ही याद्या शेजारी ठेवून ताडून पाहा. शंका असेल तर उत्तर लेखी मागा.

कायद्याच्या बाजूला गुन्हा थोडाच असतो. करार, मालमत्ता, नुकसानभरपाई यांतच बराच वेळ जातो, हे मनाशी पक्कं ठेवा.

जिथे गुन्हा दोन्हीकडे येतो, तिथेच गोंधळ होतो. समजा, एकाने दुसऱ्याची छत्री आपलीच समजून नेली. कायद्याचा पेपर विचारतो : वस्तू दुसऱ्याची होती का, संमती होती का, अप्रामाणिक हेतू होता का? हेतू नाही, म्हणून चोरी नाही. एकेक घटक घ्या, निवाड्याचा आधार द्या, दिलेल्या हकिगतीला लावा. इथे गरिबी आणि बालपण यांवर पानभर लिहिलं तर गुण मिळत नाहीत. गुन्हेगारीशास्त्राचा रोख वेगळा : ज्याची छत्री गेली त्याने तक्रार केली का, पोलिसांनी नोंदवली का? तक्रार करणं सोपं झालं की चोऱ्या न वाढताही आकडा वाढतो. म्हणून लोकांना थेट विचारणारी पाहणीही लागते. पण तिच्यात खून येत नाहीत, कारण ज्याचा खून झाला त्याला विचारता येत नाही. दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचायला शिकणं, हाच मला या विषयाचा गाभा वाटतो.

गणिताची धास्ती नको. सुरुवातीला टक्केवारी आणि दर पुरतात. ३ लाख वस्तीच्या शहरात ६०० गुन्हे म्हणजे लाखामागे २००. ६ लाखांच्या शहरात ९०० म्हणजे लाखामागे १५०. नुसता आकडा पाहिला तर दुसरं शहर जास्त वाईट वाटतं. नमुना, म्हणजे पाहणीत विचारायला घेतलेली मोजकी माणसं, कसा निवडला हे मात्र नीट शिका, प्रबंध तिथेच घसरतात.

आणि प्रबंधासाठी कैद्यांच्या मुलाखतींचा बेत करू नका. नैतिकता समितीची आणि तुरुंग प्रशासनाची, अशा दोन परवानग्या लागतात. त्या येईपर्यंत सत्र संपू शकतं. प्रसिद्ध निकालपत्रं किंवा खुली आकडेवारी घ्या.