"मी त्या दिवशी तिथं नव्हतोच" हे हायकोर्ट अपिलात मानतं का? बलात्काराच्या केसमध्ये फक्त मुलीच्या साक्षीवर शिक्षा टिकते का?

नागपूरला सिनियरच्या हाताखाली फौजदारी अपिलं करून 11 वर्षं झाली, त्यामुळं रोज जे बघतो तेच सांगतो.

पहिले तर हे डोक्यातून काढा की हायकोर्टात परत साक्षीदार उभे राहतात. नातेवाईक सिव्हिल लाईन्सला हायकोर्टात दोन माणसं घेऊन येतात, साहेब हे सांगतील तो त्या दिवशी वर्ध्याला होता म्हणून. अहो काहून आणलं त्यांना आता? जजसमोर असतं ते पेपर बुक, म्हणजे खालच्या कोर्टातल्या साक्षी, उलटतपासणी, पंचनामे, मेडिकल, सगळं बांधलेलं. ते मात्र पूर्ण वाचतात, शिक्षेविरुद्धच्या पहिल्या अपिलात कायदा आणि पुरावा दोन्ही नव्यानं तोलायचे असतात. नवा पुरावा घ्यायची सोय आहे, पण तेव्हा का नाही दिला याचं पटेल असं उत्तर लागतं.

आता ॲलिबी, म्हणजे गुन्ह्याच्या वेळी मी दुसरीकडं होतो हा बचाव. 1872 च्या पुरावा कायद्यात उदाहरण होतं, गुन्हा कलकत्त्यात आणि आरोपी त्या दिवशी लाहोरला. 2024 च्या जुलैपासून नवा कायदा लागला, त्यात चेन्नई आणि लडाख झालं, मुद्दा तोच. पण आपल्याकडच्या केसमध्ये लडाख नसतं, कामठी असते, अन् कामठीहून गाडीनं यायला वेळ लागतो किती? तो दुसरीकडं होता एवढ्यानं भागत नाही, त्या वेळेला इथं पोचूच शकत नव्हता हे दाखवावं लागतं, आणि ते ओझं आरोपीवर असतं. मोबाईलचं टॉवर लोकेशन फोन कुठं होता ते सांगतं, माणूस कुठं होता ते नाही, वरून त्याला सर्टिफिकेट लागतं ते वेगळं.

एका अपिलात आमच्याच पक्षकाराचा बचाव होता की तो बुटीबोरीला कंपनीत ड्यूटीवर होता. जजसाहेबांनी रेकॉर्डमधून मूळ मस्टर काढलं, पान खिडकीकडं तिरपं धरलं. सोमवार ते शनिवार सहा सह्या, एकाच निळ्या पेनाच्या, एकाच दाबाच्या, जणू एका बैठकीत केलेल्या. आणि मस्टरबद्दल सांगायला टाईमकीपर नाही, मेव्हणा आलेला, तोही तिथंच हेल्पर! साहेब काही बोलले नाहीत, पान फक्त आमच्याकडं फिरवलं. सिनियरनी मुद्दा तिथंच सोडला. पण ॲलिबी पडली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नसतं हां, सरकारी पक्षाला आपली केस आपल्या पायावरच उभी करावी लागते, आम्ही पुढं त्यावरच भांडलो.

मुलीच्या एकटीच्या साक्षीवर शिक्षा टिकते, हो. सुप्रीम कोर्टानं 1983 ला आणि परत 1996 ला पंजाबच्या गुरमीत सिंग केसमध्ये सांगितलंय, साक्ष विश्वासार्ह असेल तर दुसरा दुजोरा लागत नाही. किरकोळ तफावतीनं ती पडत नाही, आणि अंगावर जखमा नाहीत म्हणजे संमती होती असंही नाही. हे आपल्या भागानं फार महागात शिकवलंय. मथुरा केस म्हणून गाजलेली 1972 ची घटना, गडचिरोलीकडच्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मुलीवर बलात्काराचा आरोप पोलिसांवरच, सेशन कोर्टानं पोलिसांना सोडलं, आमच्या नागपूर खंडपीठानं 1976 ला ते उलटवलं, म्हणाले भीतीनं गप्प राहणं म्हणजे संमती नाही. सुप्रीम कोर्टानं 1978 ला जखमा नाहीत वगैरे म्हणून परत सोडलं, मग देशभर ओरड झाली आणि 1983 ला कायदा बदलला. तेव्हा इथलंच बरोबर होतं असं मला आजही वाटतं. अर्थात 2021 चा इथलाच स्किन टू स्किनवाला निकाल, म्हणजे अंगाला अंग थेट लागलं नाही तर पॉक्सोखाली लैंगिक हल्ला नाही म्हणणारा, त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं रद्द केला, तेही लपवायचं कशाला.

उलट, खालच्या कोर्टानं सोडलं असेल आणि सरकार अपिलात आलं असेल तर गणित बदलतं. पुराव्यावरून दोन्ही मतं शक्य असतील तर हायकोर्ट सहसा सुटकेला हात लावत नाही.

तुमच्या केसमध्ये मी सगळ्यात आधी जुन्या सीआरपीसीच्या कलम 313 चा (2024 च्या जुलैपासून नव्या कायद्यात 351) जबाब बघीन, म्हणजे जजनी आरोपीला शेवटी प्रश्न विचारले त्याची उत्तरं. तिथं नुसतंच "खोटी केस आहे" असेल, उलटतपासणीत फिर्यादीला "हा त्या दिवशी गावात नव्हता" असं एकदाही विचारलं नसेल, तर आता अपिलात ते नवीन सुचल्यासारखं दिसतं. वकिलाकडं जाताना निकालाची कॉपी तर न्याच, पण या दोन कागदांची झेरॉक्स आधी काढा.