काउंटरच्या आत बसणारी घरची माणसे

ताई, संध्याकाळी डॉक्टरांचे नातेवाईक आणि कर्मचाऱ्यांची मुले काउंटरच्या आत येऊन बसतात आणि त्यांना बाहेर बसा म्हणणे जड जाते, असे तुम्ही लिहिले आहे. कोल्हापुरातील दवाखान्यांचे कामकाज मी बरीच वर्षे पाहत आलो आहे. माझ्या मते प्रश्न त्या माणसांच्या स्वभावाचा नाही, त्यांच्या बसण्याच्या जागेचा आहे.

त्या खुर्चीत एकदा तुम्ही स्वतः बसून पाहा. उघडे रजिस्टर, केसपेपरांचा गठ्ठा, नाव घातलेली लॅबची पाकिटे आणि दवाखान्याच्या मोबाईलवर येणारे रिपोर्ट, सगळे तेथून सहज वाचता येते. कसबा बावड्याचा पेशंट राजारामपुरीपर्यंत येतो तो पुष्कळदा आपल्या गल्लीत कळू नये म्हणूनच, आणि आत बसलेल्या वहिनींचे माहेर नेमके बावड्यात निघते. पुढे एखाद्या लग्नात गाठ पडल्यावर त्या मायेनेच विचारतात, “आता बरं हाय न्हवं?” तेवढ्यानेही तो पेशंट पुन्हा तुमच्या दवाखान्याची पायरी चढत नाही, आणि कधीकधी उपचारच सोडून देतो. मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते.

हा केवळ शिष्टाचाराचा भाग नाही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार न्यायालयाचा आदेश, कोणाला असलेला गंभीर धोका किंवा कळवणे बंधनकारक असलेले आजार, असे मोजके अपवाद सोडले तर पेशंटची माहिती उघड करता येत नाही. एचआयव्हीबाबत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीचे नाव डॉक्टरांनी उघड केल्यास गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

म्हणून घरच्या कोणी काउंटरच्या आत बसायचे नाही, हा नियम तुम्ही नव्हे, डॉक्टरांनी स्वतःच्या तोंडाने आणि आधी स्वतःच्या घरी सांगावा. रिसेप्शनवरच्या मुलीने मालकांच्या आईंना उठवावे ही अपेक्षाच चुकीची आहे. मुलांसाठी आतल्या खोलीत, जेथे कागदपत्रे नसतात तेथे, बसायची सोय करा. घरचेच कोणी तपासणीला आले, तर त्यांचाही केसपेपर इतरांसारखाच काढा, आणि तो संबंधित कर्मचाऱ्याखेरीज कोणी उघडू नये. डॉक्टरांच्या मेहुणीलाही आपला आजार घरी कळू नये असे वाटू शकते. डॉक्टर हे सांगेपर्यंत कोणी आत आलेच, तर रजिस्टर मिटून स्क्रीन बंद करा आणि म्हणा, “काकू, इथं पेशंटचे कागद असतात, बाहेर पंख्याखाली बसा, चहा तिकडेच आणते.”