ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या टूलने बॅकअप एन्क्रिप्ट करताना एईएस-१२८ घ्यावं की २५६? सीबीसी चालेल का?

२५६ घ्या. एईएस म्हणजे डेटा कुलूपबंद करायची पद्धत (सायफर), आणि आकडा म्हणजे त्या कुलपाच्या कीची लांबी, बिटांत. १२८सुद्धा आजवर कुणी फोडलेलं नाही, त्यामुळे त्यावर डोकं शिणवू नका. तुमची फाईल कुणी उघडलीच तर एईएस फोडून नाही, पासवर्ड ओळखून उघडेल. त्या पासवर्डपासून की कशी तयार होते हे तुम्ही विचारलेलंच नाही. नेमक्या याच मुद्द्यावरून माझं एका सिनियरशी वाजलंय, म्हणून लिहितोय.

पुण्यातल्या आमच्या कंपनीत पगाराच्या डेटाबेसचा रात्रीचा बॅकअप ओपनएसएसएलच्या 'ईएनसी' कमांडने एन्क्रिप्ट व्हायचा. स्क्रिप्टमध्ये 'एईएस-२५६-सीबीसी' आणि पुढे '-के' देऊन पासवर्ड उघडा लिहिलेला. 'पीएस' (चालू कमांड दाखवणारी कमांड) मारणाऱ्या कुणालाही तो दिसू शकायचा. मी म्हटलं, सर, निदान पासवर्ड फाईलमधून द्या आणि डायजेस्ट (पासवर्डपासून की बनवताना वापरलं जाणारं हॅश फंक्शन) कोणतं ते स्पष्ट लिहा. भर मीटिंगमध्ये उत्तर मिळालं, "अरे, २५६ बिट आहे, बँका हेच वापरतात. तू बॅकअपची वेळ सांभाळ."

जुनं 'ईएनसी' पासवर्ड आणि सॉल्ट (फाईलगणिक वेगळे यादृच्छिक बाइट) घेऊन की बनवायला नुसतं एमडी५ हे जुनं, झटपट चालणारं डायजेस्ट वापरायचं, मुद्दाम वेळ लावणाऱ्या जादा फेऱ्या शून्य. अशा फाईलवर ग्राफिक्स कार्ड सेकंदाला कोट्यवधी पासवर्ड तपासून बघतं. तिथे २५६ बिट काय करणार?

पुढे सर्व्हर बदलला, ओपनएसएसएल नवं आलं. ऑडिटसाठी जुना बॅकअप उघडायला घेतला तर 'बॅड डिक्रिप्ट'. सरांनी डिस्क खराब ठरवून व्हेंडरला फोनसुद्धा लावला. मी कमांडला '-एमडी एमडी५' जोडलं आणि फाईल उघडली. १.१.० आवृत्तीत, २०१६ साली, डीफॉल्ट डायजेस्ट एमडी५ बदलून एसएचए-२५६ झालं होतं. फाईलच्या सुरुवातीला 'सॉल्टेड' अशी खूण आणि ८ बाइटचं सॉल्ट, एवढंच असतं. सायफर, डायजेस्ट, फेऱ्या यांची कुठेच नोंद नसते. सरांनी मेलमध्ये 'व्हर्जन इश्यू' लिहून विषय मिटवला. व्हर्जन इश्यू कसला? जे लिहून ठेवा म्हणून मी सांगत होतो ते लिहिलं नव्हतं, एवढंच कारण.

तेव्हा 'ईएनसी'च वापरायचं असेल तर १.१.१ पासून (२०१८) मिळणारं '-पीबीकेडीएफ२' (भरपूर फेऱ्या करून पासवर्डपासून की बनवणारी पद्धत) द्याच. सोबत '-आयटर' (फेऱ्यांचा आकडा) हेही द्या, कारण डीफॉल्ट १०,००० फेऱ्या कमी आहेत. ओवॅस्प या सॉफ्टवेअर सुरक्षेच्या संस्थेची शिफारस एसएचए-२५६ साठी ६,००,००० ची आहे. फाईल उघडताना हाच आकडा पुन्हा द्यावा लागतो, म्हणून अख्खी कमांड बॅकअपशेजारी लिहून ठेवा, पासवर्ड सोडून.

सीबीसीचं (एईएसचे तुकडे साखळीसारखे जोडत जायची पद्धत) म्हणाल तर फाईलमध्ये कुणी फेरफार केला तर सीबीसीला तो कळत नाही, आणि फेरफार पकडणारी जीसीएम पद्धत 'ईएनसी'त चालत नाही. म्हणूनच माझं स्पष्ट मत आहे की बॅकअपसाठी जीपीजी (फाईल एन्क्रिप्ट करायचं दुसरं टूल) वापरा. ते सायफर, डायजेस्ट आणि फेऱ्या फाईलमध्येच नोंदवतं, फेरफारही पकडतं. सायफर मात्र एईएस२५६ असा नाव घेऊन सांगा, एस२के (पासवर्डपासून की बनवायची सेटिंग) डायजेस्ट एसएचए५१२ आणि एस२के काउंट ६५०११७१२ ठेवा. जीपीजीच्या जुन्या १.४ मध्ये डीफॉल्ट सायफर कास्ट५ होतं, त्याचा ब्लॉक (एका वेळी एन्क्रिप्ट होणारा तुकडा) ६४ बिटांचा. तेवढा ब्लॉक मोठ्या डेटाला पुरत नाही हे २०१६च्या स्वीट३२ हल्ल्याने दाखवून दिलं.

आणि तुमच्याकडेही कुणी "२५६ आहे ना, मग झालं" म्हणत असेल, तर वाद घालू नका. गेल्या वर्षीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर सगळ्यांसमोर उघडून दाखवा म्हणावं.

एक राहिलं. पासवर्ड माणसाने ठरवलेला नसून यूरँडममधून (लिनक्सचा यादृच्छिक बाइट देणारा स्रोत) काढलेले ३२ बाइट असतील, तर फेऱ्यांचा मुद्दा जवळपास निकालात निघतो. पण मग ती की-फाईल बॅकअपच्याच डिस्कवर ठेवू नका.