‘ड्यू टू’ आणि ‘बिकॉज ऑफ’ यांत नेमका फरक काय?

तुमचा प्रश्न असा की ‘द मॅच वॉज कॅन्सल्ड ड्यू टू रेन’ या वाक्यात शिक्षकांनी ‘ड्यू टू’ खोडून ‘बिकॉज ऑफ’ लिहिलं, पण बातम्यांत तर सर्रास ‘ड्यू टू’च दिसतं. मग चूक कोणाची? तशी कोणाचीच नाही.

आपला घोळ होतो तो ‘-मुळे’मुळे. ‘पावसामुळे सामना रद्द झाला’ आणि ‘हा उशीर पावसामुळे आहे’, दोन्हीकडे तो बिनतक्रार बसतो. जुन्या वळणाच्या इंग्रजीत मात्र या दोन जागा वेगळ्या. ‘ड्यू’ आपल्या ओळखीचाच शब्द: बिल ड्यू आहे, हप्ता ड्यू आहे. त्याचं मूळ लॅटिनमधलं, अर्थ ‘देणं लागणं’. ‘डेट’ म्हणजे कर्ज, तेही त्याच घराण्यातलं. थोडक्यात हे विशेषण, आणि विशेषणाला टेकायला नाम लागतं. ‘द डिले वॉज ड्यू टू रेन’ मध्ये ते नाम आहे: डिले. ‘कॅन्सल्ड’ पडलं क्रियापद, म्हणून तिथे ‘बिकॉज ऑफ’.

शंका आली की ‘ड्यू टू’च्या जागी ‘कॉज्ड बाय’ घालून वाक्य म्हणून बघायचं. ‘डिले वॉज कॉज्ड बाय रेन’ ठीक वाटतं, ‘कॅन्सल्ड कॉज्ड बाय रेन’ कानाला खटकतं. मी अजूनही हेच करतो.

इंग्रजीचे जाणकार हेन्री फाउलर यांनी शब्दांच्या वापरावरच्या 1926 च्या आपल्या कोशात ‘ड्यू टू’चा हा सैल वापर अशिक्षितांच्या खाती टाकला होता. गंमत म्हणजे त्याच अर्थाच्या ‘ओइंग टू’ला त्यांची हरकत नव्हती, आणि ‘ओ’ म्हणजेही देणं लागणंच! आज बहुतेक कोशांना दोन्ही प्रयोग चालतात. परीक्षेत शिक्षकांचं ऐका, बाकी ठिकाणी फार मनाला लावून घेऊ नका.

लक्ष द्यायचं तर इथे द्या. ‘ड्यू टू ही वॉज इल’ हे आजही चूकच, कारण पुढे अख्खं वाक्य आलं की नुसतं ‘बिकॉज’ लागतं. ‘ड्यू टू द फॅक्ट दॅट’ लिहून ते सावरता येतं, पण एका शब्दाच्या कामाला पाच जण कशाला? ‘द रीझन इज ड्यू टू’ तर ‘कारण अमुक कारणामुळे’ म्हटल्यासारखं. आणि ‘द ट्रेन इज ड्यू टू अराइव्ह ॲट फाइव्ह’ दिसलं तर कारण शोधू नका, ती गाडीची ठरलेली वेळ आहे.