आरोग्यदूत शिक्षकाची जबाबदारी कुठपर्यंत?

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवते. यंदा माझी आरोग्यदूत शिक्षक म्हणून निवड झाली आहे. मी डॉक्टर नाही. लोहाच्या गोळ्या देताना पालक हरकत घेतात आणि मलाही धास्ती वाटते. माझी जबाबदारी नेमकी किती?
– एक शिक्षिका

उत्तर : ताई, निदान आणि उपचार हे आपले काम नाही. आयुष्मान भारत योजनेखाली फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून नेमले जातात आणि पोषणापासून इंटरनेटच्या सुरक्षित वापरापर्यंत ११ विषयांवर त्यांनी दर आठवड्याला मुलांशी बोलणे अपेक्षित असते. माझ्या मते मात्र तासापेक्षा आपले रोजचे लक्ष अधिक मोलाचे आहे. मुलांची आरोग्य तपासणी करणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते, तर आपल्याला मूल रोज दिसते. फळ्याऐवजी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेणाऱ्या मुलाचे नाव टिपून ठेवावे, पथकाला दाखवावे आणि चष्मा मिळेपर्यंत पाठपुरावा करावा.

गोळ्यांची धास्ती रास्त आहे. सहावीपासून दिल्या जाणाऱ्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ती आठवड्यातून एकदाच, शाळेतले जेवण झाल्यावर, आपल्या समोर घ्यायला लावावी, कारण उपाशीपोटी घेतल्यास मळमळ आणि पोटदुखी होऊ शकते आणि एक मूल ओकले की सारा वर्ग घाबरतो. शौचास काळे होते, हे पालकसभेत आधीच सांगितले तर निम्मी हरकत तिथेच मिटते. त्या दिवशी ताप असलेल्या मुलाला गोळी देऊ नये. आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेत, त्यामुळे अशा मुलांची यादी प्राथमिक आरोग्य केंद्रातून घ्यावी आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्यांना गोळी देऊ नये.

एका बाबतीत मात्र जबाबदारी थेट कायद्याची आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा तशी शंका आली, तर पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलाला खोदून विचारू नये, शाळेच्या पातळीवर मिटवण्याचा आग्रह कोणीही धरला तरी मानू नये. मदतीसाठी १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तो प्रत्येक वर्गात लिहून ठेवावा.